बाईंनी न घेतलेली गाणी

माझ्या थोरल्या काकूला घरात सगळे ‘मोठी’ म्हणायचे. उंचीनं ती आमच्यात सगळ्यांत लहान. कामाला बसली की समोरच्या गादीमागून फक्त तिच्या केसांची गाठ दिसायची.

काकांचं गाद्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे कामाची खोली आणि वर आम्ही सगळे. काका कापूस भरायचे, मोठी लांब दाभणानं टाके घालायची. हात चालू असले की तिचं गुणगुणणंही चालू. गाणं ती कुणाकडे शिकली नव्हती. कुणी कौतुक केलं तर म्हणायची, “गाते कुठली, टाका सरळ पडावा म्हणून तोंड हलवते.”

माझे बाबा काकांचे धाकटे भाऊ. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे आणि उरलेल्या वेळात गाणी रचायचे. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आणि सगळी गाणी एकाच गायिकेसाठी. त्या काळात तिचा आवाज पोचला नाही असं घर नव्हतं. नाव घ्यायचीही गरज नसे. नुसतं ‘बाई’ म्हटलं की कळायचं. बाबांचं ठाम मत होतं की बाईंना त्यांचं खरं गाणं अजून मिळालेलंच नाही, आणि ते आपल्यापाशी आहे. आई म्हणायची, “हो, बाई तिकडे वाटेकडे डोळे लावूनच बसल्यात.”

गाणं बाईंपर्यंत पोचवायचं तर ते कुणीतरी गाऊन टेप करायला हवं. बाबांचा आवाज असा, की त्यांनी गायलं की शेजारी खिडकी लावून घेत. आईला टेपरेकॉर्डर समोर दिसला की घाम फुटे. राहिली मोठी.

दुकानाला सुट्टी असायची त्या दुपारी मागच्या खोलीत ही मंडळी जमायची. चारही भिंतींना गाद्या उभ्या करून लावलेल्या, दारालाही एक टेकवलेली. बाहेरचा आवाज आत येत नसे, आणि आतला तिथेच कुठेतरी मुरून जाई. बाबा गिटार घेत. काका तबकडीसारख्या एका गोल गादीवर काठीनं हलकेच ताल धरत. मोठी मांडीवर खोळ घेऊन टाके घालत गायची, कारण हात रिकामे असले की तिला शब्द आठवत नसत. कापसाचे तंतू उन्हाच्या एका पट्ट्यात तरंगत राहायचे, खाली यायचं नावच घेत नसत. मी ढिगावर पडून ऐकायचे. एकाही गाण्याचा शेवट मला माहीत नव्हता, कारण तोवर माझा डोळा लागलेला असायचा.

टेप भरली की बाबा ती कापसात गुंडाळून बाईंच्या पत्त्यावर पाठवत. स्वतःजवळ दुसरी प्रत कधी ठेवत नसत. “प्रत ठेवायची म्हणजे गाणं नाकारणार हे आपणच धरून चालायचं,” असा त्यांचा हिशेब. अशा कितीतरी टेपा गेल्या. उत्तर कधी आलं नाही, पण टेपही परत आली नाही.

“परत आली नाही म्हणजे विचार चालू आहे,” बाबा म्हणायचे.

“किंवा केराच्या टोपलीत गेली,” आई म्हणायची.

मी शिक्षण संपवून दुकानात बसायला लागले त्या वर्षी एक माणूस आला. अंगात साधा सदरा, बोलणं मऊ. मला वाटलं गिऱ्हाईक. त्यानं बाबांचं नाव विचारलं आणि म्हणाला, “मी बाईंचा भाचा. त्यांची कामं मीच पाहतो.”

मी बाबांना बोलावणं धाडलं. ते चष्म्याच्या दुकानातून तसेच, हाताला काचेची पूड लागलेली असताना धावत आले. घरचे सगळे खाली उतरले.

“तुमच्या टेपा मावशी ऐकते,” भाचा म्हणाला. “त्यातली एक फार वाजून वाजून तुटली. तिची दुसरी प्रत मिळेल का?”

बाबांनी हातावरची काचेची पूड सदऱ्याला पुसली. म्हणाले, “कुठलं गाणं घेतायत?”

“घेत नाहीयेत.” भाचा जरा अवघडला. “ऐकते ती. दुपारी, झोपताना. तिला झोपेचा फार त्रास आहे. ही गाणी लावली की लागते.”

आईनं तोंडाला रुमाल लावला आणि ती वर निघून गेली. जिन्यातून तिचं हसू ऐकू आलं. बाबांचा चेहरा मात्र उतरला. आयुष्यभर ज्या माणसानं गाणी करून पाठवली त्याला कळत होतं की ऐकणारी ती ऐकता ऐकता झोपी जाते.

“प्रत नाही माझ्याकडे,” ते म्हणाले. “आणि असती तरी दिली नसती. मी काही पाळणे म्हणणारा नाही.”

भाचा गेल्यावर बाबा दोन घास खाऊन उठले. मोठीनं दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडला आणि म्हणाली, “भावजी, गाणी तुमची हे कबूल. पण गळा माझाच आहे ना? मी जाऊन गाऊन येते.”

“वहिनी, तुम्हाला कळत कसं नाही? हा अपमान आहे.”

“असेल. पण झोप न लागणं त्याहून वाईट.”

काका आयुष्यात फार बोलले नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, “जाऊ दे तिला.”

पुढचं मोठीनं मला कितीतरी वेळा सांगितलंय, टाके घालता घालता.

बाईंचं घर मोठं, पण झोपायची खोली साधी होती. उंच छत, उघड्या भिंती, एक लांबलचक खिडकी, तिला फिका पडदा. अरुंद पलंगावर बाई पाय पोटाशी घेऊन बसलेल्या. पायांत मोजे, केस सोडलेले. मोठीला वाटलं, आपण भलत्याच खोलीत आलो. मग त्या बोलल्या आणि आवाजावरून खात्री पटली.

“तुम्हीच का त्या? आणि मागे धप् धप् करतं ते कोण?”

“आमचे हे. गादीवर ताल धरतात.”

“मला वाटायचं, कुणीतरी लांबून चालत येतंय.”

मोठीनं सवयीनं पलंगाची गादी दाबून पाहिली. “बाई, हिच्यात मधे खड्डा पडलाय. झोप लागायची कशी?”

“माझ्या आईची आहे ती. खड्डाही तिचाच. राहू दे.”

मोठी वरमली. मग तिनं ज्यासाठी धीर गोळा केला होता ते विचारलं, “आमच्या भावजींची गाणी तुम्ही गात का नाही?”

बाईंनी नजर पडद्याकडे वळवली. “मी गायले की ते गाणं मला कामाला लावतं. श्वास कुठे चुकला, वाद्य कुठे पुढे गेलं, तेच ऐकू येत राहतं. नुसतं पडून ऐकावं अशी माझ्याकडे एवढीच गाणी आहेत.”

“मग त्यांना काय सांगू?”

“सांगा, आवडली म्हणून घेतली नाहीत.”

“त्यांना पटायचं नाही.”

“मलाही पटलं नसतं,” बाई म्हणाल्या आणि आडव्या झाल्या.

मोठीनं पिशवीतून खोळ काढली, मांडीवर घेतली आणि गायला लागली. पहिली ओळ म्हटली आणि दचकलीच. आवाज परत आला होता. मागच्या खोलीत तो कापसात जिरून जायचा. इथे उघड्या भिंतींवरून, छतावरून तो हळूच वळून तिच्याकडे येत होता. एवढी वर्षं गाऊन तिनं स्वतःला असं कधी ऐकलंच नव्हतं. तिला वाटलं, खोलीत दुसरी कुणीतरी बाई गातेय आणि आपण तिच्या मागोमाग जातोय. पडदा फुगत होता, बसत होता. पलंग, खुर्ची, पाण्याचा तांब्या, सगळं जागच्या जागी असूनही पाण्यावर असल्यासारखं हलत होतं.

दुसऱ्या गाण्यात बाईंचा श्वास जड झाला. मोठीला प्रश्न पडला, थांबावं की नाही. थांबलं तर शांततेनंच त्या जाग्या होतील. म्हणून ती गात राहिली. शब्द संपले तेव्हा चालीवर नुसता सूर धरला, तोही हळूहळू बारीक केला. भाचा दारात येऊन उभा होता, त्यानं खुणेनंच बोलावलं. उठताना तिनं पाहिलं, तर खोळीला एकही टाका घातलेला नव्हता.

घरी आल्यावर बाबांनी चार दिवस तिच्याशी अबोला धरला. पाचव्या दिवशी दुकानात येऊन, गाद्या मोजल्यासारखं करत म्हणाले, “कुठल्या गाण्याला लागली झोप?”

“दुसऱ्या. तुमचं ते नावेचं.”

“त्याचा अंतरा तर चढा आहे,” ते स्वतःशीच म्हणाले आणि गेले.

मग त्यांनी हट्टानं नवी गाणी केली, संथ, खालच्या पट्टीतली, आणि मोठीबरोबर त्यांची टेप पाठवली. बाईंनी ती परत केली. भाच्याकरवी निरोप आला: ही मुद्दाम झोपवायला केलेली आहेत, ऐकून जाग येते, आधीसारखीच पाठवा. आई पुन्हा जिन्यात गेली. या वेळी बाबाही हसले. त्यानंतर त्यांनी कुणाला काही पाठवलं नाही. गाणी मात्र करत राहिले, आणि मला वाटतं, पूर्वीपेक्षा सुखानं.

मोठी पुढे कित्येक वर्षं अधूनमधून दुपारची बस धरून जायची. कधी गायची, कधी दोघी नुसत्याच बोलत बसायच्या. कशाबद्दल, असं विचारलं तर म्हणायची, “गुडघ्यांबद्दल.”

बाई गेल्या तेव्हा पेपरांत पानं भरभरून त्यांच्या गाण्यांबद्दल छापून आलं. बाबांनी सगळं वाचलं. आपलं काही त्यात नसणार हे त्यांना माहीत होतं, तरी वाचलं. मोठी सकाळभर काम करत राहिली. दुपार झाली तशी तिनं दाभण खाली ठेवलं, चपला घातल्या आणि नेहमीची बस धरली. बाईंच्या गल्लीत लोकांची गर्दी होती. ती टोकालाच थोडा वेळ उभी राहिली आणि परत फिरली.

इकडे बाबा बसथांब्यावर जाऊन तिची वाट पाहत होते. ती उतरली, दोघं चालू लागली. बाबा म्हणाले, “वहिनी, इतकी गाणी गायलात तुम्ही. तुम्हाला त्यातलं कुठलं आवडायचं, हे मी कधी विचारलंच नाही.”

मोठीनं एका गाण्याची पहिली ओळ सांगितली.

बाबांनी आठवून पाहिलं. “हे माझं आहे?”

“मग कुणाचं?”

“मला चालसुद्धा आठवत नाही.”

तेव्हा तिनं चालता चालताच ते म्हणायला सुरुवात केली, मोठ्यानं नाही, शेजारच्याला ऐकू जाईल एवढंच. रस्त्यानं सायकली जात होत्या, कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं. बाबा मान थोडी कलती करून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते. आमच्या घराकडे वळायचं होतं तिथे दोघं वळली नाहीत, सरळ पुढे चालत गेली. मी दुकानाच्या पायरीवरून पाहत होते. हाक मारावीशी वाटली नाही.