यादीबाहेरचं यंत्र

पालघर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. नरपडला आम्ही बायका बोंबील उघड्यावर वाळवायचो. माशा बसायच्या, कावळे पळवायचे. मी अंगणात बांबूचा सांगाडा उभारला, वर जाड प्लास्टिक, आत जाळीचे थर, गरम हवा निघायला धुराडं. तीनदा फसला, चौथ्यांदा जमला. मग शेजारचे बचत गटही माझ्याकडून बनवून घेऊ लागले.

एक दिवस सरकारी योजनेचे साहेब आले, सोबत तलासरीचा एक पुरवठादार. साहेब फोटो काढत होते, तो टेपने मापं घेत होता.

"बेन, कमाल केली तुम्ही!" तो म्हणाला. मी दोघांना चहा पाजला.

वर्षभरात मासळी वाळवायच्या यंत्रांना अनुदान जाहीर झालं. मंजूर यंत्र एकच, त्या पुरवठादाराचं. ते माझंच होतं, फक्त बांबूच्या जागी लोखंड. मी डहाणूच्या कार्यालयात गेले.

"ताई, तुमचं यंत्र यादीत नाही."

झालं. सरकार अर्धा भार उचलत असताना माझ्याकडे कोण येणार? माझी जाऊसुद्धा त्याचंच घेऊन आली.

खाऱ्या वाऱ्यात ते लोखंड एक पावसाळाही टिकणार नाही, हे मला ठाऊक होतं. कुणाला सांगितलं नाही. जावेलाही नाही. त्या पुरवठादाराची फजिती मला सगळ्यांसमोर व्हायला हवी होती.

पावसाळा सरला आणि गंजाचे पापुद्रे पडून जावेचे बोंबील तांबडे झाले. व्यापाऱ्याने टोपल्या परत पाठवल्या. ती माझ्या ओट्यावर बसून रडली, आणि मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. यंत्राची चाचणी पुरवठादाराच्या कारखान्यात झाली, असा अहवाल हाती आला. त्यातला फोटो माझ्या अंगणातला होता! मागे दोरीवर माझं लुगडं वाळत होतं.

पालघरला योजनेची बैठक होती, तिथे मी तो कागद त्या पुरवठादारासमोरच ठेवला.

"शेठ, माझं लुगडं तुमच्या कारखान्यात कधीपासून वाळायला लागलं?"

सगळे हसले. त्याचे कान लाल झाले. मी डोळे भरून पाहिलं.

तो यादीतून गेला, फेरचाचणीत माझा सांगाडा मंजूर झाला. पुढे तो दारात आला. "बेन, तुम्ही बनवा, मी विकतो." मी बोंबील निवडत राहिले, बसा म्हटलं नाही. कंटाळून गेला.

पहिला मंजूर सांगाडा मी जावेला दिला. तिने विचारलं, "लोखंड गंजणार, हे तुला आधीच माहीत होतं ना?"

"होतं."

वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. ते अजून सलतं. त्या शेठबद्दल मात्र कधीच वाईट वाटलं नाही.