अदोमचा रकाना

काका उजव्या हाताचं बोट एखाद्या उंच वस्तूवर रोखायचे आणि मग ते सावकाश जमिनीपर्यंत खाली आणायचे. "उतरवतो," ते म्हणायचे. "बरोब्बर उतरवतो." कोण उतरवतो, हे सांगायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

ते बोट मी पहिल्यांदा पाहिलं सिअ‍ॅटलजवळ रेडमंडच्या बस स्टॉपवर, २००२च्या नोव्हेंबरात. समोर एका कंपनीची काचेची इमारत उभी राहत होती. मी मजले मोजत होतो. दिसेल ते मोजायची मला सवय आहे. "सहा," मी स्वतःशीच म्हणालो. शेजारच्या छत्रीखालून मराठी आवाज आला, "सहा असोत नाहीतर साठ. उतरवतो तो."

परदेशात असा अचानक मराठी आवाज तुम्हीही ऐकला असेल. आपण वळून बघतो आणि ओळख होऊन जाते.

काका आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. अलिबागकडचे बेने इस्राएली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू. मुंबईच्या गोदीत नोकरी झाली. बायको गेल्यावर मुलाकडे इथे आले, आणि दोन वर्षांत मुलाची बदली टेक्ससला, फ्रिस्कोला झाली. "तिकडे नुसतं ऊन. माझ्या छत्रीनं करायचं काय?" असं ते सगळ्यांना सांगत. मुलानं एकदाच 'चला' म्हटलं होतं, हे मला त्यांनी एकदाच सांगितलं.

त्यांचा सगळा वेळ हिब्रू संदेष्ट्यांत जाई. त्यातही एकाच भागात. इस्राएलच्या आसपासची राष्ट्रं माजली, तेव्हा देव त्यांना काय शिक्षा करणार, हे संदेष्ट्यांनी सांगून ठेवलं आहे. मवाब, अम्मोन, सोर, अदोम. डावीकडे हिब्रू, उजवीकडे मराठी भाषांतर ठेवून काका ते वाचत. बापानं लहानपणी अक्षरं शिकवली होती, बाकीची हिब्रू या शापांतूनच आली.

शेजारीपाजारीही त्यांनी या राष्ट्रांत वाटून टाकले होते. कॉम्प्लेक्सची मॅनेजर मवाब. वरच्या मजल्यावरचा कुत्रेवाला अम्मोन. बंदर आणि व्यापार यांचा तोरा मिरवणारं सोर म्हणजे अर्थात सिअ‍ॅटल.

"आणि मी कोण, काका?"

"तू हिशेबनीस. तुला राष्ट्र नाही."

माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं. प्रत्येक चुकीची नोंद करायची: काय घडलं, का घडलं, सुटलं की नाही. त्या सवयीनं मी एका शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात म्हणालो, "काका, याचा तक्ता करू. राष्ट्र, आरोप, शिक्षा, पूर्ण झाली का. चार रकाने."

"देवाचं टेस्टिंग करतोस काय रे?" ते हसले. पण त्यांना ते आवडलं. शनिवार म्हणजे शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, त्यामुळे ते लिहायचे नाहीत. ते सांगणार आणि मी लिहिणार.

शिक्षा त्यांना तोंडपाठ होत्या. कुठे आग, कुठे ओसाड, कुठे घुबडं राहणार. आरोप विचारला की मात्र ते पानं उलटू लागत. "माज, रे. सगळ्यांचा एकच आरोप, माज."

"तसं नाही चालणार. चूक नेमकी लिहावी लागते."

अदोम शेवटी आला. तेव्हा काका खुर्चीत सावरून बसले. "हा माझा आवडता. कड्याकपारीत घर करून बसला होता, म्हणे, मला कोण खाली आणणार! आणि परका नव्हे, सख्खा. इस्राएलचा मूळपुरुष धाकटा भाऊ, अदोमचा थोरला. जुळे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझा दादा अदोम आहे. थोरला. इस्राएलला राहतो. बोटीवर चढताना मला म्हणाला, ज्याला आपला देश नको, त्याला भाऊ तरी कशाला? अडतीस वर्षं झाली. तेव्हापासून मी हे वाचतोय."

मी पेन धरून बसलो होतो. "आरोप?"

काकांनी पान उलटलं. ओळीवर बोट ठेवलं. हिब्रू वाचली, मग मराठी वाचली. मग पुन्हा हिब्रू.

"सांगा ना."

"भावाच्या वाईट दिवशी," ते म्हणाले, "तू पलीकडे उभा राहिलास."

मी लिहिलं. वर पाहिलं तर ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"दादाचा मुलगा लढाईत गेला," ते म्हणाले. "मला मुंबईत तार आली. मी ती वाचली, घडी केली आणि गोदीत कामाला गेलो. पत्र नाही, काही नाही." खिडकीबाहेर पाऊस होता. "थोरला-धाकटा बघत बसलो मी. आरोप वाचलाच नाही."

मी तक्ता मिटला. हे माझ्या नेमकेपणामुळे झालं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

पुढचे तीन आठवडे काका स्टॉपवर दिसले नाहीत. चौथ्या रविवारी त्यांनी दार वाजवलं. हातात कागदावर फोन नंबर. ठाण्याच्या मावसबहिणीकडून मिळवला होता. "इथले सकाळचे आठ म्हणजे तिकडे किती?"

"संध्याकाळचे सहा."

"लाव."

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे एक तरुण मुलगी हिब्रूत बोलू लागली. दादांची नात असावी. काकांनी मराठीत नाव सांगितलं. तिला कळेना. इंग्रजीत सांगितलं, तरी जमेना. 'दादा कसा आहे', एवढं साधं हिब्रूत विचारता येईना. त्यांच्याकडे आग होती, ओसाड होतं, घुबडं होती.  ती मुलगी आता ठेवणार, हे मलाही कळत होतं.

मग काकांनी डोळे मिटले आणि पाठ म्हटल्यासारखं एकच वाक्य म्हणाले. अर्थ मला त्यांनी नंतर सांगितला. तीच ओळ होती, फक्त 'तू'च्या जागी 'मी' घातला होता. माझ्या भावाच्या वाईट दिवशी मी पलीकडे उभा राहिलो.

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग म्हातारा, खरखरीत आवाज, आणि मराठी. तो मलाही ऐकू आला.

"जेवलास का?"

 काकांनी मान हलवली, जणू ती तिकडे दिसणार होती.

फेब्रुवारीत ते दादांकडे इस्राएलला गेले. दादांना आता दिसत नव्हतं, कोणीतरी जवळ हवं होतं. आदल्या दिवशी आमच्याकडे त्यांनी मलिदा केला: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं. प्रवासाआधी एलियाहू संदेष्ट्यासाठी करतात तो. प्रार्थनेला दहा माणसं लागतात, असं ते म्हणाले. आम्ही घरात चार होतो. "चालवून घेईल तो," काका म्हणाले. माझ्या मुलीनं "व्हॉट इज धिस?" म्हणत दोनदा मागून घेतला.

त्यानंतर स्टॉपवर मी एकटाच. काचेची इमारत पुरी झाली, सहाचे सात मजले झाले. हे सांगायला कोणी नव्हतं. घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "बरं." हिशेबनीस म्हणून मला कोणी हाक मारली नाही.

वर्षभरानं एक पाकीट आलं. आत फोटो. गच्चीवर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दोन म्हातारे पाठमोरे. दूर खोऱ्यापलीकडे तांबूस डोंगर. मागे काकांच्या अक्षरात दोनच शब्द: 'समोर अदोम.' संदेष्ट्यांचा अदोम म्हणजे हेच डोंगर. डोळे गेलेल्या दादांना काका काहीतरी दाखवताहेत. दादांचं मनगट धरून त्यांचं बोट डोंगरावर रोखलं आहे.

त्यानंतर पत्र आलं नाही. नंबर लागत नाही.

तक्ता माझ्याकडे आहे. अदोमचा चौथा रकाना, 'पूर्ण झाली का', कोरा आहे. मी तो फोटो बरेचदा बघतो. त्यात बोट वरच आहे. पुढे ते खाली आलं की नाही, हे फोटोवरून सांगता येत नाही.