निवडणातली काडतुसं

ब्रह्मदेशातल्या एका टेकडीवर आमच्या सेक्शनला जपान्यांनी वेढलं होतं. उतरायची वाट एकच, आणि तिच्यावर त्यांचा मारा. खंदकात पाय लांब करायला जागा नव्हती. मी इंझोरी गावचा, ब्रेन या हलक्या मशीनगनवर. माझा नंबर टू, म्हणजे मॅगझिन भरून देणारा, अनसिंगचा महादू. तोंडाचा फाटका, पण जिवाला जीव देणारा.

विमानातून टाकलेल्या काडतुसांच्या नव्या पेट्यांनी घात केला. गन चार गोळ्या झाडायची आणि अडायची. टेकडीखालून फोनवर सुभेदारसाहेब खेकसले, "गन क्यों बंद है?"

"काडतूस चेंबर में फँसता है, साब," मी म्हणालो.

लढाईच्या घाईत कारखान्यातली तपासणी सैल झाली असावी. केसभर जाड काडतुसंही पेटीत येत होती. रायफलचा बोल्ट हातानं रेटला की ती आत जायची. ब्रेनमध्ये ती जबरदस्ती चालेना. गन बंद म्हणजे आम्ही पिंजऱ्यातले उंदीर. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू?

महादूनं गनची जादा नळी मांडीवर उभी धरली. तिच्या मागच्या तोंडात, म्हणजे चेंबरमध्ये, एकेक काडतूस सोडायचं. सहज बसलं तर मॅगझिनमध्ये, वर राहिलं तर बाजूला. घरी बियाणं निवडावं तसं चाललं होतं. बाजूची काडतुसं मी बाहेर फेकायला घेतली, तर त्यानं मनगट धरलं.

"कायले फेकून राह्यला बे? निवडण फेकत नसतात. कोंबड्याइले कामी येते."

इथे कुठल्या कोंबड्या, असं मी म्हणालो. तो हसला आणि सगळी झोळीत भरली.

गन दिवसभर चालली. दुसऱ्या दिवशी चांगली काडतुसं संपत आली, तेव्हा हुकूम आला, "गन लेके नीचे आओ. गन दुश्मन के हाथ नहीं लगनी चाहिए." कुणीतरी मागे राहून वाट राखायला हवी होती. महादूनं रायफल उचलली.

"तू गन घेऊन नीघ. मायाजवळ निवडण हाये."

बाकीच्यांबरोबर मी उतरलो. वरून त्याची रायफल ऐकू येत होती, थांबून थांबून. दर वेळी बोल्ट रेटावा लागत असणार. मी खाली पोचलो आणि आवाज बंद झाला.

सुटीत अनसिंगला गेलो. त्याची आई अंगणात ज्वारी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"माया लेकाले बाजूले काढलं का रे तुमी?"

कोंबड्या भोवती जमल्या होत्या. तिनं निवडण त्यांच्यापुढे टाकलं नाही. पदरात घट्ट धरून बसली.