आतल्या बाजूची खूण

या सदरातले अनुभव मी आजवर सकाळच्या चहाबरोबर वाचत आलो, आणि खरं सांगायचं तर बायकोला मोठ्याने वाचून दाखवून हसत आलो. मी छप्पन वर्षांचा आहे. हुबळीत गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीत माझं फायबरग्लासचं वर्कशॉप आहे — पाण्याच्या टाक्या, बसचे बंपर, कारखान्यांची छपरं. रेझिनमध्ये किती हार्डनर टाकला की माल किती मिनिटांत धरेल, हे मी हवेकडे बघून सांगतो. कारण नसलेली गोष्ट जगात नसते, आपण नीट बघितलेलं नसतं एवढंच... असं मी लोकांना ऐकवत असे. तेव्हा हे लिहायला मी बसलोय याचं नवल सगळ्यात जास्त मलाच आहे. आणि यात भुताखेतापेक्षा माझीच गोष्ट जास्त आहे. ती काही चांगली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी एक शिडाची बोट घेतली. सत्तावीस फुटी, चाळीसेक वर्षांची, गोव्यातल्या एका यार्डात ठोकळ्यांवर उभी होती. लांबच्या प्रवासाची बोट — आत चार माणसं झोपतील, एक छोटा ओटा, डिझेल इंजिन. मालक म्हातारा परदेशी, गुडघे गेले म्हणून विकत होता. हे खूळ मूळचं माझ्या मुलीचं. मेघा कारवारला शिडाच्या बोटी चालवायला शिकली, आणि "अप्पा, तुम्हाला फायबरचं सगळं येतं, मग आपण जुनी घेऊन नवी का नाही करायची?" असं टुमणं तिने वर्षभर माझ्यामागे लावलं.

ती बोट ट्रेलरवर घालून अनमोड घाटातून हुबळीला आणली तेव्हा सगळी वसाहत बघायला जमली. शेजारचा लेथवाला म्हणाला, "काय हो, उणकल तळ्यात सोडणार काय?" हसू दे. मला माहीत होतं मी काय करतोय. गोव्याच्या दमट हवेत फायबरचं काम मनासारखं होत नाही. हुबळीची कोरडी हवा, माझं शेड, माझी हत्यारं, माझी माणसं. पावसाळाभर काम केलं. डेकच्या आतलं कुजलेलं लाकूड काढून नवं भरलं. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा सगळ्या बदलल्या, वायरिंग नवं ओढलं, इंजिन उतरवून परत बसवलं. पाण्याखालचे, बुडातून पाणी आत-बाहेर करणारे वॉल्व काढून नवे पितळी घातले. बोटीचं बूड बाहेरून ठोकून तपासलं, आवाज भरीव आला. मी खूश होतो. अजूनही म्हणतो, काम झकास झालं होतं... एक जागा सोडून.

बोटीत मागच्या बाजूला, डेकखाली, एक झोपायची जागा असते. बोगद्यासारखी. तिच्या अगदी टोकाला डोकं आणि एक हात जातो, बाकी माणूस बाहेरच. मौलासाब नऊ वर्षं माझ्याकडे काम करतो, त्याला म्हटलं तिथे आतून रंग मार. तो म्हणाला, "मालक, मी तिथं शिरलो तर परत काढायला क्रेन बोलवावी लागंल." म्हणून ते टोक मीच रंगवलं. पांढरा रंग, दोन हात, मंगळवारी. आतून ठोकून बघायचं राहिलं. राहिलं म्हणजे, कंटाळा केला.

गुरुवारी सकाळी रंग वाळला का बघायला टॉर्च घेऊन आत शिरलो. रंग वाळला होता. आणि त्या पांढऱ्या रंगावर निळ्या खडूने एक खूण केलेली होती.

मुठीएवढं वर्तुळ. पुरं नाही — मागच्या बाजूला तोंड उघडं. आत कन्नडमधला सहा.

तसाच पडून राहिलो मी, पोटावर. कारण ते हस्ताक्षर मला ठाऊक होतं.

फकिराप्पा मिस्त्री. कलघटगीचे. माझ्या वर्कशॉपची पहिली सोळा वर्षं ते माझ्याकडे होते. मला हा धंदा त्यांनीच शिकवला म्हटलं तरी चालेल. फायबरच्या आत कुठे पोकळ राहिलंय ते डोळ्यांना दिसत नाही, ठोकून ऐकावं लागतं. मिस्त्री लाकडी हातोडीने ठोकायचे. टक-टक... जरा थांबून... टक. नेहमी असंच, दोन आणि एक. आवाज बसका आला की तिथे शिंप्याच्या निळ्या खडूने वर्तुळ काढायचे आणि आत मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाचे, किती थर घालावे लागतील तो आकडा. पोकळी ज्या बाजूला सरकत गेली असेल त्या बाजूला वर्तुळाचं तोंड उघडं ठेवायचे. अशी खूण मी दुसऱ्या कोणाची बघितली नाही. आता आम्ही मार्कर पेन वापरतो. निळा खडू माझ्या शेडमध्ये कित्येक वर्षांत आलेला नाही.

आणि मिस्त्रींना जाऊन नऊ वर्षं झालीत.

आता जे कधी कोणाला सांगितलं नाही ते. बारा वर्षांपूर्वी आम्ही एका रिसॉर्टसाठी पायडल मारायच्या बोटी केल्या. गाडी दारात उभी, सुट्टीचे दिवस तोंडावर, रिसॉर्टवाल्याचे फोनवर फोन. शेवटच्या बोटीच्या बुडाला मिस्त्रींची निळी खूण होती. ते जेवायला गेले होते. मी फडक्याला थिनर लावलं आणि ती खूण पुसली. वरून पुट्टी, वरून जेलकोटचा, म्हणजे शेवटच्या चकचकीत थराचा, फवारा. बोट गेली.

आठवड्याने ती रिसॉर्टच्या तळ्याच्या मधोमध पाण्याने भरली. आत एक बाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी. तिथल्या नावाड्याने उडी मारून दोघींना काढलं म्हणून वाचल्या. मुलगी आठ दिवस इस्पितळात होती. रिसॉर्टचा मालक त्या मुलीच्या काकाला घेऊन माझ्या शेडमध्ये आला. शेजारपाजारचे जमले. मला विचारलं, बोट तपासली कोणी? मी म्हटलं, "मिस्त्रींनी तपासून दिली होती."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. हातोडी टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर या वसाहतीत त्यांना कोणी उभं केलं नाही. पोरीला बुडवणारा मिस्त्री, असंच नाव पडलं. गावी परत गेले, दुसऱ्याच्या शेतात कामाला जात होते म्हणे. तीन वर्षांनी वारल्याचं कळलं. मी गेलो नाही. बायकोला म्हटलं, फार काम आहे.

तर ती खूण बघून मी काय केलं असेल?

पुसली.

लपवत नाही आता. पुढच्या शनिवारी ट्रेलर येणार होता. कारवारला बोट पाण्यात उतरवायची, आणि पहिली सफर मेघा करणार, तिच्या दोन मैत्रिणींबरोबर, कारवार ते गोवा. मी किनाऱ्यावरून हात हलवणार. सगळं ठरलेलं. मी स्वतःला सांगितलं की मौलानेच कुठूनतरी खडू आणून चेष्टा केली असेल. फडकं ओलं केलं आणि पुसली. बाहेर येऊन मौलाला विचारलं.

"मालक, मी इंग्लिश आकडा लिवतो की," तो म्हणाला. "आणि त्या बिळात मी जाणार? बघा की माझ्याकडे!"

त्याच्या पोटाकडे बघितलं आणि परत कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारी मौला नमाजाला गेला होता. मेघा सुट्टी काढून आली होती आणि वर डेकवर दोऱ्या गुंडाळत बसली होती. मी खाली बोटीच्या बुडाशी वॉल्वच्या जोडण्या बघत होतो. बाहेर लख्ख ऊन, शेडचं शटर पूर्ण उघडं, समोर रस्त्यावर टेंपोवाला कोणाशीतरी भांडत होता. असल्या वेळी असलं काही घडत नाही असं आपण धरून चालतो ना...

मेघा वरून वाकली. "अप्पा, आत कोण आहे?"

"कोणी नाही. मौला नमाजाला गेलाय."

"मग हे काय? ऐका की."

मला ऐकू येतच होतं. कधीपासून येत होतं. मी मान वर करत नव्हतो एवढंच.

"ठोकतंय कोणीतरी," ती म्हणाली. "दोनदा... मग थांबून एकदा. परत तसंच. मागच्या बाजूने येतंय."

मेघाने मिस्त्रींना लहानपणी एक-दोनदा बघितलं असेल. ते ठोकायचे कसे हे तिला ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तिने ते दोन-आणि-एक बोटांनी डेकवर वाजवून दाखवलं. मी खाली बसलो, फरशीवर.

ती शिडीवरून उतरून सरळ आत गेली. ती बारीक आहे. बोगद्यातून तिचा आवाज आला. "कोणी नाही हो. पण इथे निळं काहीतरी काढलंय. गोल. हा कन्नड सहा आहे काय?"

ती बाहेर आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. बारा वर्षांचं, तिथेच फरशीवर बसून. शेवटी तिने एवढंच विचारलं, "आणि काल परत पुसलीत? ... मी बसणार होते त्यात."

मला आजवर कोणी इतकं लागेल असं बोललेलं नाही. आणि ती ओरडलीही नव्हती.

मी ग्राइंडर घेतला. माझाच रंग माझ्या हाताने काढला. रंगाखाली मॅटचा एक पातळ थर, आणि त्याखाली, आरपार, मुठीएवढं जुनं भोक. कधीकाळी तिथे वॉल्व असावा. कोणीतरी तो काढून भोकात पुट्टी ठासली होती आणि दोन्हीकडून गुळगुळीत करून रंगवून टाकलं होतं. ठासून भरलेलं म्हणून बाहेरून आवाज भरीव आला. मी स्क्रूड्रायव्हर टेकवला मात्र, तो गोळा सबंध सुटून खाली पडला. भोकातून मला शेडची फरशी दिसली. ती जागा पाण्याच्या रेषेखाली दीड फूट. समुद्रात सुटला असता तर... बोट भरायला दहा मिनिटं पुष्कळ झाली.

भोकाच्या मागच्या बाजूला, वर्तुळाचं तोंड जिकडे उघडं होतं तिकडे, वीतभर पोकळी सरकत गेलेली होती. सगळं कापून काढलं आणि मॅट घालायला घेतली. मेघा थर मोजत होती. सहाव्या थराला काम बुडाशी सपाट आलं.

ट्रेलरची तारीख पुढे ढकलली, आणि दोन दिवसांनी मी कलघटगीला गेलो. एकटाच. मिस्त्रींचं घर बाजाराच्या मागे आहे. त्यांची बायको शांतव्वा दारात शेंगा निवडत होती. मला ओळखलं. "बर्री सावकार," या म्हणाली, पाणी दिलं. मी पाणी प्यायच्या आधी सांगून टाकलं. सगळं बोलणं कन्नडमध्ये झालं. आठवतं तसं लिहितो.

ती शेंगा निवडायची थांबली.

"त्यांची चूक नव्हती?"

"नव्हती, अक्का. त्यांनी खूण केली होती. मी पुसली."

मग म्हणाली, "मी त्यांना रोज बोलायचे, सावकार. चूल पेटली नाही की बोलायचे. बारीकसं लेकरू बुडवलंत, म्हणून आपल्यावर हे दिवस आले म्हणायचे. शेवटपर्यंत. ते काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, तोंड नाही म्हणून बोलत नाहीत."

मी हलका व्हायला गेलो होतो. आणि तिच्यावर हे टाकून बसलो होतो.

तिला मी बोटीचंही सांगितलं. खूण, ठोकण्याचा आवाज, सहा थर. आणि जे मला झोपू देत नव्हतं ते विचारलं — मी त्यांचं इतकं वाईट केलं, मग माझ्या मुलीसाठी त्यांनी का...

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी अर्धवट बोललोय. "तुमच्यासाठी कशाला करतील? बोटीत माणसं बसणार होती की नाही?"

मग पदर खोचून उठली. "चला."

"कुठे?"

"मला एकटीला सांगून काय उपयोग? चार माणसांत त्यांचं नाव घेतलं होतं ना? चार माणसांत सांगा."

समोरच्या कट्ट्यावर पाच-सहा जण बसले होते. तिने मला त्यांच्यापुढे उभं केलं आणि स्वतः बाजूला उभी राहिली. मी सांगितलं. तर बाजूने ती म्हणाली, "मोठ्यानं सांगा, या अज्जांना ऐकू कमी येतं." पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

बोट आता कारवारला पाण्यात आहे. मेघा गोव्याला जाऊन आली, मीही तिच्याबरोबर दोनदा गेलो. त्या जागेत थेंब आलेला नाही. त्या खुणेचं काय, हे मी सगळ्या बाजूंनी तपासून बघितलं. रंग माझा, मंगळवारचा, म्हणजे जुन्या मालकाची खूण असणं शक्य नाही. शेडची किल्ली माझ्याकडे. मौला तिथे मावत नाही. आवाज दोघांनी ऐकला. याच्यापुढे मला काही सांगता येत नाही. कोणा वाचकाला येत असेल तर जरूर लिहावं.

त्या दिवशी कट्ट्यावर मात्र ज्या म्हाताऱ्याला ऐकू कमी येत होतं त्याने एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

"इतकी वर्षं काय करत होतास रे?"

"भीत होतो, अज्जा," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. कट्ट्यावर जरासा सरकला आणि शेजारची रिकामी जागा हाताने थोपटली.