व्हर्नाचं लाल मत

व्हर्ना टॉलेफसनने राज्याच्या विधानसभेत एकवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा विरोधी पक्षनेता म्हणून. पण तिच्या जिल्ह्यात कुणालाही विचारा, तिची एकच गोष्ट सांगतील: बाईने स्वतः आणलेलं विधेयक स्वतःच्याच मताने पाडलं. सांगणाऱ्यांना ही गोष्ट अर्धीच ठाऊक असते, आणि अर्धी गोष्ट रंगवून सांगण्यात आमच्याकडची माणसं भलती पटाईत.

मुळात ती शाळेची बस चालवायची. तळ्याकाठच्या शेतघरांवरून पोरं गोळा करायची, हाडं गोठवणाऱ्या थंडीतसुद्धा. शाळा मंडळाने तिचा फेरा बंद करायचा घाट घातला तेव्हा ती भर बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "त्या नऊ पोरांना तुम्ही काय पाठुंगळी आणणार?" फेरा राहिला, आणि पुढच्या वर्षी मंडळावर ती स्वतःच निवडून आली. तिथून विधानसभा.

दुसऱ्या निवडणुकीत कुणीतरी गाड्यांच्या काचांना पत्रकं खोचली. टॉलेफसनबाई लेस्बियन आहे, गुरांची डॉक्टर आर्डिस मोएन हिच्याबरोबर एका घरात, एका पलंगावर राहते, वगैरे. त्या रविवारी चर्चच्या तळघरात पॅनकेकची न्याहारी होती. व्हर्ना तेच पत्रक घेऊन टेबलाटेबलाशी गेली. "वाचलंत का हे? यात एक चूक आहे. पलंग दोन आहेत. ती घोरते." चारशे मतांनी ती निवडून आली. ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्या गाईही आर्डिसच तपासत होती, त्यामुळे त्यांना फार नाकं मुरडायची सोय नव्हती.

विधेयकाचं मूळ आर्डिसच्या आजारपणात होतं. तिच्या पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रियेच्या दिवशी इस्पितळाच्या खिडकीवरच्या बाईने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"अठ्ठावीस वर्षं एकत्र राहतोय."

"म्हणजे नात्याने कोणी नाही."

आर्डिसचा भाऊ पाचशे मैलांवरून येऊन सही करेपर्यंत, आणि नंतरही, व्हर्ना बाहेरच. आर्डिस शुद्धीवर आली तेव्हा उशाशी होता तो अकरा वर्षं तिच्याशी अबोला धरलेला भाऊ. वर डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या वर्षी मे महिन्यात पुन्हा एकदा पोट उघडावं लागेल.

व्हर्नाने विधेयक लिहिलं. रुग्णाने ज्याचं नाव दिलं असेल तो माणूस उशाशी बसेल, मग तो नात्याचा असो वा नसो. पक्षातल्या शहाण्यांनी सुचवलं, दुसऱ्या कुणाच्या नावाने मांड. ती म्हणाली, "का? दुखणं माझ्या घरचं आहे."

सभागृह एकशे एक जणांचं, एक्कावन्न मतं हवीत. व्हर्नाने मोजून एक्कावन्नच जमवली होती, आणि एक्कावन्नावं मत लाइल हॉगेचं होतं. लाइल दुसऱ्या पक्षाचा, घरचा दुधाचा धंदा. पण आमच्याकडे पक्षाप्रमाणे नाही, जिल्ह्याप्रमाणे बसतात, म्हणून वीस वर्षं तो तिच्या शेजारच्या बाकावर. त्याने तिच्या हातावर हात मारून शब्द दिला होता. मतदानाच्या दिवशी मात्र त्याच्या चर्चची मंडळी वर सज्जात येऊन बसली. भिंतीवरच्या फलकावर प्रत्येकाच्या नावापुढे दिवा लागतो, होकाराला हिरवा, नकाराला लाल. लाइलचा लाल लागला. पन्नास विरुद्ध एक्कावन्न. सभापतींनी हातोडा उचलला, आणि तेवढ्यात व्हर्नाने आपलं बटण दाबलं. तिच्या नावापुढचा हिरवा दिवा लाल झाला.

सज्जात एकच गलका उठला. "दगाबाज!" तिच्याच बाजूचं कुणीतरी ओरडलं. दोन पोरी हुंदके देत बाहेर गेल्या.

नियम असा आहे की पडलेलं विधेयक पुन्हा मतदानाला आणता येतं, पण ती मागणी फक्त जिंकलेल्या बाजूने मत देणाऱ्यालाच करता येते, आणि तीही दुसऱ्याच दिवशी. जिंकलेल्यांपैकी कुणी तिच्यासाठी ती करणार नव्हतं. तेव्हा त्यांच्यात जाऊन उभं राहणं भागच होतं. हे सगळं तिने हातोडा खाली येण्याआधी ठरवलं, आणि त्या दिवशीच्या शिव्या निमूटपणे खाल्ल्या.

दुपारी तळमजल्याच्या उपाहारगृहात आर्डिस समोर बसली होती. कॉफीला हात लावला नव्हता.

"नियम कळतो गं मला," ती म्हणाली. "पण तुझ्या नावापुढे तो लाल दिवा बघितला ना, वाटलं उठून घरी जावं."

"मग गेली का नाहीस?"

"गाडीची किल्ली तुझ्याकडे आहे."

तेवढ्यात लाइल टोपी हातात घेऊन आला. न विचारताच खुर्ची ओढून बसला. "उद्या हिरवं दाबतो," तो म्हणाला. "पण माझं ऐक व्हर्ना. तू भाषण करायचं नाहीस. आणि आर्डिसने वर बसायचं नाही. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी आहे म्हणू आणि गुपचूप उरकू. मलाही गावात तोंड दाखवायचंय."

शस्त्रक्रियेला तीन आठवडे राहिले होते. व्हर्ना घाबरली होती, खोटं कशाला सांगा. "नाही बोलत मी," ती म्हणाली.

आर्डिसने कप बाजूला सारला. "लाइल, पोट कुणाचं फाडणारेत? तुझं का माझं?"

"अगं, तसं नाही—"

"तुझ्या गाईंच्या पोटात मी खांद्यापर्यंत हात घातलाय. तेव्हा नाही विचारलंस मी कुणाबरोबर राहते. मी उद्या पहिल्या रांगेत बसणार. हिने काय करायचं ते हिचं हिने बघावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामकाजाआधी, रोजच्यासारखी पाहुण्यांची ओळख सुरू झाली. आमच्याकडे ही रीतच आहे. कुणी आपल्या गावची शाळा आणतो, कुणी बटाट्याच्या जत्रेतल्या राणीचा मुकुट घातलेली मुलगी, कुणी लग्नाच्या वाढदिवशी बायको. नाव पुकारलं की सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं, वर्तमानपत्रातली मान वर न करता. व्हर्नाने एकवीस वर्षं सगळ्यांच्या बायकांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या. स्वतःचं पाहुणं कधी पुकारलं नव्हतं.

ती उठली. "सभापती महोदय, आज सज्जात माझी बायको आली आहे. आर्डिस मोएन. ऊठ गं, दिसू दे सगळ्यांना."

नव्वदेक माणसं सवयीने उठली आणि टाळ्या वाजवू लागली. शब्द डोक्यात शिरायला दोन क्षण लागले, आणि तोवर सगळी माणसं उभीच होती. मग काही चटका बसल्यासारखी खाली बसली. काहींचे हात हवेतच राहिले. लाइलही उभा होता. त्याने सज्जात आपल्या चर्चवाल्यांकडे पाहिलं, आर्डिसकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात "मेलो" म्हणाला, आणि टाळ्या वाजवत राहिला.

त्यानंतर व्हर्ना अर्धा तास बोलली, आणि एकदाही म्हाताऱ्यांचं नाव घेतलं नाही. तिच्या फेरविचाराच्या मागणीला एक्कावन्न मतं पडली, विधेयकालाही एक्कावन्न.

"मी आपला सवयीने उठलो होतो," लाइल नंतर म्हणाला.

"मग बसायचं होतंस."

"गुडघे दुखतात माझे."

पुढे दुसऱ्या सभागृहात ते सहज निघालं आणि राज्यपालांची सहीही झाली. पण आमच्याकडे नवे कायदे ऑगस्टच्या पहिल्या तारखेला लागू होतात; लगेच लागू करायला दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि तेवढी तिच्याकडे कधीच नव्हती. शस्त्रक्रिया बारा मेला होती.

बारा मेला खिडकीवर नवा माणूस होता. "पेशंटच्या कोण?"

"बायको."

त्याने तिला ओळखलं असावं. अवघडून म्हणाला, "बाई, तो कायदा ऑगस्टपासून आहे."

"ठाऊक आहे. मीच केलाय," व्हर्ना म्हणाली आणि आत चालती झाली. आर्डिसच्या उशाशी जाऊन बसली. मागोमाग त्याचा साहेब आला आणि बाहेर थांबावं लागेल म्हणाला.

"थांबणार नाही," ती म्हणाली. "पोलिसांना बोलवा. त्यांना सांगा, विरोधी पक्षनेत्याला खांद्यावरून उचलून न्यायचंय, दोन माणसांनी भागणार नाही."

साहेब दारातूनच परत फिरला.

संध्याकाळी आर्डिसने डोळे उघडले. जीभ जड झाली होती. "पोलीस आले का?"

"नाही अजून," व्हर्ना म्हणाली. "आणि आले तरी मी उठत नाही."