लूलूचं पाणी

रावजी धुरी बहारीनला आला तो गवंड्याच्या हाताखाली, अस्करच्या रस्त्याला एका व्यापाऱ्याचा तबेला बांधायला. तबेला उभा राहिला, गवंडी गेला, रावजी मात्र तिथेच चिकटला. घोड्यांनी मला सोडलं नाही, असं तो सांगे. खरं तर व्हिसाची सोय झाली होती. पण घोड्यांवर त्याचा जीव होता हेही खोटं नाही. मुक्या जनावरावर हात उगारणाऱ्याला तो माणसांत धरत नसे, आणि हे ज्याला त्याला ऐकवी.

एकोणऐंशीच्या जानेवारीत विलायतेहून लूलू आली. राखी रंगाची, देखणी घोडी. मालकाला सगळे अरबाब म्हणत. कुणा विलायती पाहुण्याचं ऐकून तो रावजीला बजावून गेला, "ठंड में इसका पानी जमना नहीं चाहिए. मालूम?"

रावजीला बर्फ माहीत होता तो बाजारात मासळीवर घालतात तेवढाच. पाणी आपलं आपण कसं गोठेल हे त्याच्या डोक्यात शिरेना. पण लगेच उत्तरेचा वारा सुटला, आणि सकाळी डोक्याला लावायला घेतलेलं खोबरेल बाटलीत दगड होऊन बसलेलं! गावी पौषात तेल जेमतेम पांढुरकं व्हायचं. इथे खिळ्याने खरवडावं लागलं. तेल गोठलं, आता पाण्याची पाळी. त्याने आपल्या आंघोळीच्या बादलीतला हीटरचा रॉड काढला, लूलूच्या पत्र्याच्या भल्यामोठ्या डोणीत सोडला आणि बटण चालूच ठेवलं.

"अरे, यहाँ कहाँ पानी जमता है?" त्याचा जोडीदार जमालुद्दीन हसला. रावजीने ती बाटली त्याच्या नाकासमोर धरली. जमालुद्दीनचं हसू मावळलं.

त्या दिवसापासून लूलूने पाणी सोडलं. डोणीपाशी येई, तोंड लावी आणि दचकून मागे सरे. विलायती मिजास, असं सगळे म्हणाले. रावजी हात बुडवून पाहायचा. पाणी छान कोमट. घोड्यांचा डॉक्टर म्हणाला, पाणी पोटात गेलं नाही तर आतडी अडकतील आणि घोडी हातची जाईल.

दुसऱ्या संध्याकाळी रावजीचा धीर सुटला. "पी गे बाय, पी. काय झाला तुका?" असं म्हणत त्याने दोन्ही हातांनी तिचं तोंड पाण्यात दाबलं. लूलू किंचाळली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. घाबरलेल्या रावजीने हाती लागलेला दोर तिच्या मानेवर सणसणीत हाणला. हाणला आणि स्वतःच हबकला. तेवढ्यात ती उसळली, तिच्या खुराखाली त्याचा गमबूट अडकून निघाला, आणि उघडा पाय ओल्या सिमेंटवर टेकवत त्याने आधाराला डोण धरली.

हातापासून दातांपर्यंत करंट गेला. तो मागे फेकला गेला. जमालुद्दीनने धावत जाऊन बटण बंद केलं.

रावजी ओल्यातच बसून राहिला. रबरी गमबुटांमुळे त्याला दोन दिवस काहीच जाणवलं नव्हतं. तिच्या पायांना लोखंडी नाल, आणि खाली ओलं सिमेंट. ती ओरडून सांगत होती आणि त्याने तिचं तोंड त्याच पाण्यात दाबलं, वर मारलंही.

"मी मारलंय तिका," तो एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

जमालुद्दीनने ताज्या पाण्याची बादली आणली. लूलूने ती तळापर्यंत रिकामी केली. रावजीने धडपडत दुसरी आणली, तशी ती थरथरत भिंतीला जाऊन भिडली.

घोडी वाचली. रावजी शहाऐंशीपर्यंत त्याच तबेल्यात होता. कालांतराने ती त्याला खरारा करू देई, त्याच्या हातून गाजरही खाई. पाणी मात्र नाही. रोज संध्याकाळी तो बादली भरून तिच्यापुढे ठेवी आणि भिंतीआड जाऊन उभा राही. ती पिते आहे हे ऐकू आलं की मगच आत येई.