सगळ्या रकान्यांत ‘नाही’

अँजिओप्लास्टीनंतर तीन आठवड्यांनी हृदयाच्या डॉक्टरांनी ह्यांच्या हातात एक फॉर्म ठेवला. हल्ली ते प्रत्येक हार्ट पेशंटला झोपेबद्दलही विचारतात. घोरता का, दिवसा पेंग येते का, झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का. माझ्या नवऱ्याने तीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केली आहे. कुठलाही फॉर्म समोर आला की वरपासून खालपर्यंत ‘नाही’ लिहून सही ठोकायची, म्हणजे फाइल परत येत नाही, हा त्यांचा धर्म. इथेही तेच केलं आणि पेन खिशाला लावून मोकळे झाले.

मी शेजारीच बसले होते आणि गप्प राहिले. ह्यांचं घोरणं खालच्या मजल्यावरच्यांनाही ठाऊक होतं. पण परक्यांसमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? शिवाय आमच्याकडे घोरणं हा आजार कधी नव्हताच. पाठ टेकली की झोप, पुण्यवान आहे, असं सासूबाई कौतुकाने सांगायच्या. डॉक्टरांनी फॉर्मवर नजर टाकून तो बाजूला ठेवला.

घरी आल्यावर मात्र ते प्रश्न डोक्यातून जाईनात. रविवारी जेवण झाल्यावर हे लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या बाल्कनीत उन्हात चटईवर आडवे झाले. थंडीचे दिवस, मी मटार सोलत समोर बसले. घोरणं नेहमीसारखं सुरू झालं आणि एकदम बंद पडलं. छाती आतल्या आत धडपडत होती, पण श्वास येत नव्हता. मी आकडे मोजू लागले. बावीसला गुदमरल्यासारखा मोठा आवाज होऊन श्वास आला. ह्यांचे डोळेसुद्धा उघडले नाहीत. मटार संपेपर्यंत असं सात वेळा झालं. इतकी भीती मला अँजिओप्लास्टीच्या दिवशीही वाटली नव्हती. तेव्हा निदान आत डॉक्टर होते.

सोमवारी मी ह्यांना ओढतच परत घेऊन गेले. एकदा लिहून दिलं ना यार, म्हणून हे रस्ताभर कुरकुरत होते. डॉक्टरांना मराठी येत नाही, म्हणून मी हिंदीतून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, हे कधीपासून होतंय?

“पता नहीं,” मी म्हणाले. “छह साल से मैं दूसरे कमरे में सोती हूँ.”

माझी कंबर दुखते म्हणून मी वेगळी झोपते, असं हे सगळ्यांना सांगत आले होते. ह्यांनी मान खाली घातली.

गाडीपाशी आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “त्याआधी थांबायचा का गं श्वास?”

“तुम्ही मध्येच गप्प झालात की पुन्हा मोठ्याने सुरू होणार, हे मला ठाऊक असायचं. म्हणून मी आधीच कोपर मारायचे. तुम्ही कुशीवर वळायचात.”

मला वाटायचं, ते मी माझ्या झोपेसाठी करतेय. ह्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

मशीन लावून झोप तपासायची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली. तोवरच्या दहा रात्री मी त्यांच्या शेजारी झोपले, म्हणजे नुसती पडून राहिले. आवाज थांबला की कोपर मारायचे. श्वास आला की मला रडू यायचं. सहा वर्षं तिथे कुणीच नव्हतं.